सड्यावरची सायकल: माउंटन बाइक रेस आणि जगणं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला मोठा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे. तिथे दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं आणि दोन-तीन मोठी माणसं माउंटन बाइक चालवायला जमतात. मी त्यांना शिकवते असं म्हणणं जरा जास्त होईल. मी पुढे चालवते, ते मागून येतात, आणि कोणी पडलं की मी थांबते. त्याआधी पुण्यात नोकरी करताना नऊ वर्षं मी रेस केल्या. नऊ वर्षांत एकदाच तिसरी आले, आणि त्या दिवशी माझ्या वयोगटात पाचच जणी होत्या. आता माझी आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे. तेव्हा विजेत्याचे बोल ऐकायला कोणी आलं असेल तर आधीच माफी मागते. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, पोरांचे आईवडील येतात, आणि तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

माउंटन बाइकची रेस म्हणजे डोंगरावरून खाली उड्या मारतात तीच ना?

ते डाउनहिल. त्यात एकेक जण वरून सुटतो आणि घड्याळाशी भांडत खाली येतो. आम्ही करतो ते क्रॉस-कंट्री. चारपाच किलोमीटरची फेरी, तिच्यात चढ, उतार, मुळं, दगड, मध्येच एका सायकलपुरती पायवाट, आणि सगळे एकदम सुटतात. मोठ्या स्पर्धांत अशा फेऱ्या मारत सव्वा ते दीड तास रेस चालते. मॅरेथॉन त्याहून वेगळी, ती साठ किलोमीटरच्या पुढची. ऑलिंपिकमध्ये १९९६ च्या अटलांटापासून क्रॉस-कंट्री आहे, डाउनहिल नाही.

या खेळाची जन्मकथा मला फार आवडते, म्हणून विचारलं नाही तरी सांगते. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडल्या. साडेतीन किलोमीटरच्या आत चारशे मीटर उतार. ब्रेक कसले, तर पायडल उलटं दाबलं की लागणारे. खाली येईपर्यंत ते इतके तापत की हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून जाई, आणि मग हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे. पुन्हा भरायचं म्हणून त्या उताराचं नावच पडलं ‘रिपॅक’. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या टोळीतली नावं. भंगारातून आणि ग्रीसच्या डब्यातून आलेला हा खेळ आहे. ज्याला सायकल उघडून पुसायचा कंटाळा, त्याचं इथे फार दिवस जमत नाही.

कोकणात समुद्र आहे. डोंगर कुठे आहेत?

हे विचारणारा हमखास मुंबईचा असतो. ज्याच्या घरातल्यांनी घाटी चढून सड्यावर गुरं नेली, तो असलं काही विचारत नाही. खाली खाडी, मग आगर, मग वाडी, वाडीतून चढणारी पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी आणि वर कातळाचा सडा. एका फेरीत शे-दीडशे मीटर चढ सहज मिळतो. जांभा दगड कोरडा असला की टायरला धरून ठेवतो, पडलात तर चामडीही तशीच धरतो. ओला झाला आणि वर शेवाळ धरलं की साबणाची वडी. चिऱ्यांच्या जुन्या बंद खाणीत पायऱ्या आयत्याच कापलेल्या असतात. गुडघाभर उंचीवरून सायकल सोडायचा सराव तिथे होतो.

काही गोष्टींवर मात्र मी कडक आहे. कोणाच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, सायकल उचलून न्यायची नाही. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलं तर लावून पुढे जायचं. आंबा-काजूच्या दिवसांत बागेतून वाट काढायची नाही, मग ती वाट आजोबांच्या वेळेपासूनची असली तरी. आणि कातळशिल्पांपासून लांब राहायचं. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीत नसलेलीही आपल्या सड्यांवर पुष्कळ आहेत. गवतात आणि मातीत ती पटकन दिसत नाहीत. अनोळखी कातळावर आधी चालत जायचं, खाली बघायचं, मग सायकल.

पहाटे उठायला मोटिव्हेशन कुठून आणता?

आणत नाही. पहाटे साडेपाचला मला आजवर कधी हुरूप आलेला नाही. हुरूप म्हणजे मुंबईचा पाहुणा. गणपतीला येतो म्हणून कळवतो आणि शिमग्याला उगवतो. आला की आनंद आहे, पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून चूल पेटवायची ठेवू नये.

मग उठते कशी? रात्रीच बाटली भरलेली असते, टायरची हवा बघितलेली असते, हेल्मेट दाराशी अडकवलेलं असतं. सकाळी ठरवायचं असं काही शिल्लकच ठेवत नाही. झोपाळू माणसाला प्रश्न विचारला की तो नाहीच म्हणणार. देवळाच्या चढापर्यंत अंग कुरकुरतं, त्यानंतर विसरतं.

रेसमध्ये मला एक गोष्ट उशिरा कळली. पहिली काही वर्षं सुरुवातीच्या रेषेवर उभी राहून मी स्वतःला जोर यावा म्हणून मनात काहीबाही घोकत असे. शिट्टी झाली, पहिलं वळण आलं, की सगळं घोकलेलं हवेत. कारण समोर मुळं असतात, पुढच्या सायकलचं चाक असतं, आणि डावीकडून कोणीतरी घुसत असतं. जोर आहे की नाही हे बघायला वेळच नसतो. आणि नेमका तेव्हाच जोर येतो. तेव्हापासून ‘मन तयार कसं करू’ हा प्रश्न मी सोडून दिला. बघायला काय आहे ते शोधते.

‘वाट बघा, वाट बघा’ असं तुम्ही सारखं ओरडता. म्हणजे नेमकं काय करायचं?

मला रेसने जे काही शिकवलं ते सगळं या दोन शब्दांत बसतं, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

आमच्या फेरीत सड्याच्या टोकाला एकुलता एक काजू आहे. दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. तरी दर महिन्याला कोणी ना कोणी त्याच काजूवर जाऊन आदळतं. नवीन पोराला मी आधी सांगून बघितलं, ‘काजू सांभाळ’. तो हमखास आदळला. आता सांगते, ‘उजवीकडच्या लाल मातीवर नजर ठेव’. तो निघून जातो. डोळे जिकडे जातात तिकडे मान जाते, मानेमागून खांदे, खांद्यांमागून कंबर, आणि सायकल कंबरेचं ऐकते. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे बघत राहिलं की आपण स्वतःलाच तिथे नेऊन पोहोचवतो. म्हणून काजू बघायचा नाही. वाट बघायची. हळू असाल तर चारपाच मीटर पुढची, वेगात असाल तर आणखी लांबची. चाकाखालचा दगड बघून उपयोग नसतो, त्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं.

हे सायकलवर समजलं होतं, घरी समजायला एक अख्खा पावसाळा गेला. एका जूनमध्ये पहिल्याच जोराच्या पावसात पाणी साचून माझी चारशे कलमं कुजली. पंधरा दिवस मी त्या चारशेंभोवती फिरत होते. मोजत होते, फोटो काढत होते, कोणाची चूक ते घरात बोलत होते. शेजारच्या वाफ्यातल्या दोन हजार पिशव्यांचीही भोकं चिखलाने बुजत आली होती, तिकडे माझी नजरच गेली नाही. गडी माणसाने दाखवलं तेव्हा त्यातली दीडशे गेली होती. माझा काजू म्हणजे ती चारशे कलमं.

आता दुसरा अर्थ. मराठीत वाट बघणं म्हणजे थांबणंही. ओल्या कातळावर चाक सरकलं की नवशिका जोरात पायडल मारतो किंवा ब्रेक आवळतो, आणि दोन्हींत पडतो. तिथे अर्धा क्षण काही न करता थांबायचं असतं. चाक पुढे कुठेतरी धरतं. अरुंद पायवाटेवर पुढे कोणी हळू चालवत असेल तरी तसंच. रुंदी येईपर्यंत श्वास सावरायचा, रुंदी आली की सगळं ओतायचं. आमच्यातला एक इंजिनिअर म्हणतो की हे थांबणं त्याला सगळ्यात जड जातं. चढ नाही, उतार नाही, दुसऱ्याच्या मागे गप्प राहणं जड जातं.

आणि वाट रोज बघायची, कालची चालत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्रीत, २०२१ मध्ये, मॅथ्यू व्हान डर पूल हा जगातला अव्वल सायकलपटू पहिल्याच फेरीत एका मोठ्या खडकावरून तोंडावर आपटला. सरावाच्या वेळी तिथे उतरायला फळी होती, रेसच्या दिवशी ती नव्हती. फळी असेलच असं धरून तो गेला. पुढे त्याला रेस सोडावी लागली. इतका मोठा खेळाडू, आणि चूक आपल्या वाडीतल्या पोराची. आपल्याकडे तर एका रात्रीत पऱ्या, म्हणजे ओहोळ, वाट खाऊन टाकतो. शनिवारी होता तो साकव, म्हणजे ओहोळावरचा छोटा पूल, रविवारी असेलच असं नाही.

पडायची भीती वाटते. ती घालवायची कशी?

घालवू नका. ती काय सांगते ते ऐका. उतारावर पोटात गोळा आला की मी उतरते आणि चालत जाऊन बघते: खाली कुठे पोहोचणार ते दिसतं का, पोहोचल्यावर थांबायला जागा आहे का, आणि याहून अर्ध्या उंचीवरून मी हेच नीट केलं आहे का. तिन्हींना होकार आला तर भीती उगाच आहे, जायचं. एकालाही नकार आला तर भीती बरोबर आहे, सायकल हातात धरून खाली यायचं.

रेसच्या ट्रॅकवर अवघड जागी बहुधा दोन वाटा असतात. ए लाइन थेट आणि धोक्याची, बी लाइन वळसा घालून जाणारी. बी लाइनने काही सेकंद जातात, एवढंच. पुण्याजवळच्या एका ट्रॅकवर मी दोन वर्षं बी लाइनने गेले. लोक हसले का? एखाददुसरा हसला असेल. तिसऱ्या वर्षी ए लाइनने गेले, कारण तोवर मी खाणीतल्या पायऱ्यांवरून इतक्यांदा उतरले होते की ती उंची अंगवळणी पडली होती. त्या दिवशी मला काही विशेष धीर आला नव्हता.

एक नियम शौर्याच्या सगळ्या गप्पांच्या वर. डोक्याला मार बसला, गरगरलं, उलटी झाली, किंवा पडण्याच्या आधीचं आठवत नसलं, तर त्या दिवशी सायकल बंद आणि आधी डॉक्टर. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नये.

मी सगळ्यांत मागे असते. मग पुढे चालवत राहायचं कशाला?

या खेळात मागे पडलेल्याला चालवत राहायचीही मुभा नसते, हे आधी सांगते. आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्रीत ८० टक्क्यांचा नियम आहे. पहिल्या क्रमांकावर असलेल्याच्या पहिल्या फेरीला पंधरा मिनिटं लागली, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा बारा मिनिटं मागे पडलात, की पंच तुम्हाला बाहेर काढतात. पुढचे मागून येऊन अडकू नयेत म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच रेसमध्येही असंच काही असतं.

मला पहिल्या तिन्ही रेसमधून असं काढलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा मी पंचांशी भांडले, मग गाडीच्या मागे जाऊन रडले, मग वडापाव खाल्ला. त्यानंतर मी जिंकायचा विचार बाजूला ठेवला आणि एकच हिशेब केला: मी कितव्या मिनिटाला बाहेर गेले? पहिल्या रेसमध्ये एक फेरी पुरी झाली होती, तिसऱ्या रेसमध्ये तीन. लोकांच्या लेखी तिन्ही वेळा निकाल सारखाच, ‘पूर्ण केली नाही’. माझ्या वहीत तो सारखा नव्हता. चौथी रेस मी पूर्ण केली. शेवटून दुसरी.

वर्षांचा हिशेब बघायचा तर निनो शुर्टर या स्विस खेळाडूचा बघा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य. २०१२ ला लंडनमध्ये यारोस्लाव कुल्हावीने त्याला शेवटच्या काही मीटरांत एका सेकंदाने हरवलं. दीड तास सायकल चालवून एक सेकंद. २०१६ ला रिओत त्याने त्याच कुल्हावीला मागे टाकून सुवर्ण घेतलं. मध्ये आठ वर्षं. कलमाच्या झाडालाही धड फळ धरायला चारपाच वर्षं द्यावी लागतात, आणि तिथे कोणी त्याला टाळ्या वाजवून उभारी देत नसतं.

जिद्द कमी पडते हो माझी. काय करू?

आधी चाक उचलून फिरवून बघा.

हे मी अक्षरशः म्हणते. एका रेसमध्ये पहिल्या चढापासून पाय जड. मागून येणाऱ्या बायका एकेक करून पुढे जात होत्या. मी स्वतःला शिव्या घातल्या, वय झालं म्हटलं, सराव कमी पडला म्हटलं, घरच्या कटकटींना दोष दिला. संपल्यावर सायकल उलटी केली तर मागचं चाक दीड फेरा फिरून थांबलं. ब्रेकचा पॅड डिस्कला घासत होता. चाळीस मिनिटं मी ब्रेक लावून चढत होते आणि खापर मनावर फोडत होते.

फ्रान्सची पोलिन फेरां-प्रेव्हो हिने रिओ २०१६ ला माउंटन बाइकची रेस अर्ध्यात सोडली. पुढे तिच्या पायाला रक्त नेणाऱ्या धमनीत दोष निघाला आणि २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. टोकियोत ती दहावी आली. २०२४ मध्ये पॅरिसजवळच्या एलांकूरच्या टेकडीवर तिने जवळपास तीन मिनिटांच्या फरकाने सुवर्ण जिंकलं. धमनी मोकळी करायचं काम जिद्दीचं नसतं, डॉक्टरांचं असतं.

म्हणून पोरगं ढेपाळलं की मी आधी विचारते: काल झोपलास कधी? सकाळी काय खाल्लंस? ताप येऊन गेला का? मुलींना हिमोग्लोबिन तपासायला सांगते. मोठ्या माणसांना पगार वेळेवर होतो का तेही विचारते. बरेचदा पॅड तिथेच घासत असतो.

ऐन रेसमध्ये पंक्चर झालं तर? सगळं पाण्यात?

पाण्यात जातंच असं नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक पुढे असताना त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं. चाक बदलेपर्यंत तो सुमारे चाळीस सेकंद मागे गेला. शेवटच्या फेरीत त्याने व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकलं आणि सुवर्ण घेतलं. पण ही गोष्ट सांगताना एक भाग गाळला जातो. क्रॉस-कंट्रीत बाहेरच्या माणसाची मदत ठरवून दिलेल्या जागीच मिळते. तिथपर्यंत बसलेल्या टायरवर, रिम न फोडता, सायकल नेता यावी लागते. तेवढं त्याला येत होतं.

माझ्यासोबत झालं ते कमी देखणं. दगडाला लागून हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, मोडला. दहा-वीस ग्रॅमचा, खिशात जादा ठेवायला कोणीही सांगेल, मी ठेवला नव्हता. चेन काढून खांद्यावर टाकली. चढावर सायकल ढकलत धावले, उतारावर बसले. शेवटून पहिली आले. त्यानंतर आजपर्यंत सीटखालच्या पिशवीत हँगर, चेनची जोडकडी आणि ट्यूबलेस टायरचं भोक बुजवायचे प्लग असतात. त्यातलं माझ्या कामी फार थोडं आलं. दुसऱ्यांना मात्र इतक्यांदा दिलंय की आता पोरं मला चालतं दुकान म्हणतात.

रेसमध्ये थांबून दुसऱ्याला मदत केली तर आपण हरणार नाही का?

हराल. पडलेला उठत नसेल तर थांबायचंच. नुसती चेन उतरली असेल तर ‘ठीक ना?’ विचारून पुढे जायचं. दोन्हीत गोंधळ घालायचा नाही.

जोडीने चालवायची रेस बघायची असेल तर दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक बघा. २००४ पासून चालू आहे, आठ दिवसांची, आणि दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांहून लांब जायचं नाही असा नियम. ताकदवानाला तिथे मागे वळून बघायला शिकावं लागतं, आणि अशक्त असलेल्याला ‘थांब जरा’ म्हणायला. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ येतात, त्यांना मी वर्षभर हाच नियम लावला. पहिले चार रविवार त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

मुलगी आहे. सड्यावर, जंगलात पाठवायची कशी?

मला हे माझ्याच वाडीत ऐकायला मिळालं. पहिल्यांदा सायकल घेऊन घाटी उतरले तेव्हा गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबून म्हणाले, “बाय, ह्या वाटेनं म्हशी पण दमान जातत, आणि तू सायकल नेतंस?” दुसऱ्या रविवारी ते मुद्दाम बघायला आले. तिसऱ्या रविवारी नातीला घेऊन आले. ती आता माझ्या पुढे चालवते.

काळजी खोटी नाही. म्हणून आम्ही एकटं कोणालाच पाठवत नाही, मुलग्यालाही नाही. फोन, शिट्टी, आणि घरी सांगितलेली परतायची वेळ. बाकी या खेळात बायका नंतर आल्या असं नाही. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल दोन्हींत बायकांची रेस होती. अटलांटातही पहिल्याच वर्षापासून.

दहावीचं वर्ष आहे. सायकल बंद करावी का?

दर वर्षी निकाल लागला की पेपरात येतं, दहावीत कोकण विभाग अव्वल. त्या बातमीचा भार पोरांच्या डोक्यावर किती असतो ते मी बघते. बंद करू नका, कमी करा. रविवारी दीड तास. सरावाची एक साधी गोष्ट इथे उपयोगी पडते: चढावर चार मिनिटं जीव तोडून, मग चार मिनिटं अगदी सावकाश, असं पाच वेळा. सावकाशची चार मिनिटं जो खातो, त्याचा पाचवा चढ पडतो. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या पोराला त्याची आई हेच सांगत असते, पण तिचं तो ऐकत नाही. छाती फुटायला आली की ऐकतो.

पावसाळ्यात काय करता?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सड्यावरची मोठी फेरी बंद. आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेवढा पुरतो. ओली लाल माती ब्रेकचे पॅड कानशीसारखी खाते. खारी हवा उरलेलं काम करते. खाडीकाठच्या घरात उघड्यावर ठेवलेली चेन चार दिवसांत तांबूस होते. धुवायची, फडक्याने कोरडी करायची, तेल घालायचं, जास्तीचं तेल पुसायचं. हे शेवटचं कोणी करत नाही.

बाकी भाताची लावणी करा. चिखलात वाकून दिवसभर लावणी केलेल्या पोराची कंबर आणि पाठ ऑगस्टमध्ये सायकलवर दिसते. जिमवाल्यांना हे पटत नाही, न पटो.

खायचं-प्यायचं काय?

रेसच्या तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत केळं. तासापेक्षा जास्त चालवायचं असेल तर दर तासाला साठ ग्रॅमच्या आसपास साखर किंवा पिष्ट पोटात जायला हवं, म्हणजे साधारण दोन मोठी केळी आणि थोडं गोड पाणी. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जातं. कोकम सरबतात मीठ घालून बाटली भरा. तळलेलं आधी नको. सोलकढी आणि मासे रेस झाल्यावर, मनसोक्त.

नुसती मजेत चालवली तर चालत नाही का? रेस कशाला?

चालते की. आमच्यातले निम्मे कधीच रेसला जात नाहीत. रेसमुळे एक तारीख मिळते आणि एक खोटं न बोलणारं घड्याळ मिळतं. एकटं चालवताना मी नेहमीच जोरात असते.

यातून नोकरी, पैसा, नाव?

बहुतेकांना नाही. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली, तेव्हा वाट अगदीच बंद नाही. पण ज्या घरात कर्ज काढून सायकल घ्यायचा विचार चालू आहे, त्यांना मी घरी जाऊन नको म्हणून सांगितलेलं आहे.

कोणती सायकल घ्यावी?

पुढे शॉक असलेली, मागे नसलेली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असावेत. जुनी चालेल, फ्रेमला तडा नसावा. साध्या स्कूटरच्या निम्म्या किमतीच्या आसपास चांगली मिळते. पैसे कमी असतील तर आधी हेल्मेट घ्या आणि पहिले दोन महिने माझी जुनी सायकल वापरा. तिचा मागचा ब्रेक आता घासत नाही.

रेस अर्ध्यात सोडली तर ते पळून जाणं का?

हाड दुखत असेल, डोकं गरगरत असेल, सायकल धोक्याची झाली असेल तर सोडायची. नुसतं वाईट वाटत असेल तर ती फेरी पूर्ण करायची आणि मग ठरवायचं. चढावर निर्णय घ्यायचा नाही, चढावर सगळंच वाईट दिसतं. मी दोनदा सोडली. एकदा मनगटासाठी, ते बरोबर होतं. एकदा पावसात कंटाळून. तिचं अजून कधीतरी रात्री आठवतं.

यायचं असेल तर कुठे आणि किती वाजता?

गावदेवीच्या देवळामागे पाखाडी सुरू होते तिथे, रविवारी साडेसहाला. हेल्मेट, एक लिटर पाणी, पूर्ण बोटांचे हातमोजे. चाकरमान्यांनी आदल्या रात्री किती वाजता झोपलो ते खरं सांगावं. पावणेसातपर्यंत वाट बघतो.